गेम अडकतोय म्हणून लगेच ग्राफिक्स कार्ड बदलू नका, आधी हे चार आकडे बघा

एप्रिल-मे आला की दोन गोष्टी एकदमच होतात. शाळा-कॉलेजला सुट्टी लागते आणि पारा चाळिशी ओलांडतो. नंदुरबार जिल्ह्यातलं कोरीट असो की विदर्भातलं एखादं गाव, वर्षभर धूळ खात पडलेला घरातला पीसी याच दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहतो. आणि मग एक ठरलेली तक्रार सुरू होते.

"दिवाळीत हाच गेम लोण्यासारखा चालत होता. आता दर पाच मिनिटाला अडकतोय. कार्ड गेलं वाटतं."

पीसी दुकानात नेला की तिथेही बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं. कार्ड जुनं झालंय, नवं टाका. नवं टाकायचं म्हणजे खर्च थेट पाच आकडी. शेतीवर चालणाऱ्या घरात पोराने गेमसाठी एवढे पैसे मागायचे, म्हणजे घरात किती बोलणी बसतात हे वेगळं सांगायला नको.

पण विषय असा आहे की, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं म्हणून आपोआप स्लो होत नसतं. माणसाचे गुडघे वयाबरोबर झिजतात, तसं चिपचं होत नाही. २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०५० टीआय त्या वर्षी एका सेकंदात जेवढं काम करायचं, तेवढंच काम ते आजही करू शकतं. अट एवढीच की त्याला तेवढाच थंडावा, तेवढीच वीज आणि नीट ड्रायव्हर मिळायला हवा. कार्ड स्लो झालं असेल, तर त्याच्या आजूबाजूचं काहीतरी बदललेलं असतं. ते काय बदललंय हे शोधायचं असतं, आणि त्याला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही.

सगळ्यात आधी, स्लो नेमकं कधी होतंय?

पीसी उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, जुना गेमही स्लो झालाय की फक्त नवा गेम स्लो चालतोय? जुना गेम आधी नीट चालायचा आणि आता चालत नसेल, तर बिघाड आहे आणि तो सापडू शकतो. फक्त नवा गेम चालत नसेल, तर कार्डची कुवत कमी पडत असण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न, गेम चालू केल्या केल्या स्लो आहे, की दहा-पंधरा मिनिटांनी होतो? सुरुवातीला छान आणि नंतर ढेपाळतो, याचा अर्थ जवळपास नेहमीच एक असतो. उष्णता.

तिसरा प्रश्न, एफपीएस कायम कमी आहे, की मधेच झटका बसून पुन्हा नीट होतो? एफपीएस म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर येणारी चित्रं. ६० एफपीएस हवे असतील, तर कार्डला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदात तयार करावं लागतं. कायम कमी असणं आणि मधे मधे झटके बसणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आता ते चार आकडे

एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाकलं की गेम चालू असतानाच स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. त्यातले चार महत्त्वाचे. जीपीयू वापर किती टक्के, तापमान किती, क्लॉक किती मेगाहर्ट्झ आणि कार्डची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, किती भरली आहे.

हे चार आकडे लावून नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळायचा. मग त्यांचा अर्थ असा लावायचा.

वापर ९५ टक्क्यांच्या वर आणि क्लॉक स्थिर असेल, तर कार्ड जीव तोडून काम करतंय. त्यात बिघाड नाही, गेमची सेटिंग जास्त आहे.

वापर ९५ च्या वर, पण तापमान चढत जातं तसा क्लॉक घसरत असेल, तर उष्णतेचा त्रास आहे.

वापर ५०-६० टक्क्यांवरच अडकला असेल, तर कार्ड रिकामं बसलंय. अडचण प्रोसेसर, रॅम किंवा एखाद्या मर्यादेची आहे.

व्हीरॅम काठोकाठ भरली असेल आणि झटके बसत असतील, तर टेक्श्चरची सेटिंग खाली आणायची वेळ झाली आहे.

आणि वापर शून्याच्या आसपास असेल, तर हसू नका, पण गेम त्या कार्डवर चालतच नाहीये.

केबल चुकीच्या ठिकाणी लागलेली असते

ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा होते. पीसीच्या मागे मॉनिटरची केबल लावायला दोन जागा असतात. एक वरच्या बाजूला, कीबोर्ड आणि माऊसच्या पोर्टजवळ. ती मदरबोर्डची. दुसरी खाली, आडव्या पट्टीत. ती ग्राफिक्स कार्डची. झाडलोट करताना केबल काढली आणि परत वरच्या पोर्टला लावली, की स्क्रीनवर चित्र येतं, सगळं नीट दिसतं, पण काम करत असतो प्रोसेसरमधला छोटा ग्राफिक्स भाग. हजारो रुपयांचं कार्ड आत नुसतं बसून राहतं. केबल खालच्या पोर्टला लावली की काम झालं.

लॅपटॉपमध्ये केबलचा प्रश्न नसतो, पण तिथेही दोन ग्राफिक्स असतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स हा पर्याय उघडून त्या गेमला हाय परफॉर्मन्स निवडायचं. आणि चार्जर लावूनच खेळायचं, कारण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो.

एफपीएस बरोबर ३० वर किंवा ६० वर खिळा ठोकल्यासारखा थांबला असेल, तर कुठेतरी मर्यादा लावलेली आहे. गेममधलं व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट तपासा.

खरा खलनायक, उन्हाळा आणि धूळ

कार्डवरचा पंखा काही एसी नाही. तो फक्त खोलीतली हवा चिपच्या धातूच्या पट्ट्यांवरून फिरवतो. म्हणजे खोलीतली हवा जेवढी गरम, तेवढं कार्ड जास्त गरम.

हिशोब साधा आहे. २५ अंशांच्या खोलीत एखादं कार्ड पूर्ण लोडवर ६८ अंशांवर राहत असेल, तर पत्र्याच्या छताखाली ४२ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८५ च्या आसपास जाणार. कार्डमध्ये काहीही बिघडलेलं नाही. फक्त ऋतू बदललाय.

आणि इथेच गंमत आहे. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट नावाचं तंत्र आणलं. कार्ड थंड असेल तर क्लॉक वाढवायचा, गरम झालं तर कमी करायचा. जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांमध्ये साधारण ८३ अंशांची मर्यादा आधीच ठरवलेली असते. ती गाठली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. दिवाळीत लोण्यासारखा चालणारा गेम मे महिन्यात का अडकतो, याचं उत्तर हे आहे.

त्यात धुळीची भर. नंदुरबार म्हणजे मिरचीचं मोठं मार्केट, हंगामात शहराच्या आसपास लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. जिल्ह्यात कापूसही होतो. शेतातली माती, कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ, हे सगळं पंख्यातून आत जातं आणि त्या धातूच्या बारीक पट्ट्यांमध्ये नमद्यासारखं बसतं. मग पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा आत जात नाही.

साफ कसं करायचं? पीसी बंद करायचा, पिन काढायची आणि पॉवर बटण दोन-तीन वेळा दाबून उरलेली वीज संपवायची. कॅबिनेट उघडून अंगणात न्यायचं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर थेट कार्डला लावू नये, त्याने स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर अजिबात नको.

धूळ काढूनही तापमान उतरलं नाही, तर चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. पाच-सहा वर्षांच्या कार्डमध्ये हे होतं. पेस्टची छोटी ट्यूब काहीशे रुपयांत मिळते. स्क्रू काढायची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्या, पण दुकानात "कार्ड बघा" असं सांगू नका, "पेस्ट बदला" असं सांगा. आधी नेमकं काय करायचं ते सांगितलं की बिलही नेमकंच येतं.

बाकी सोपे उपाय घरातलेच आहेत. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. पाण्याचा कूलर लावला तर खोली थंड होते आणि कार्डलाही फायदा होतो, पण कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे नको, पाण्याचे तुषार आत गेले तर कार्ड खरोखरच जाईल. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८५ टक्क्यांवर आणून बघा. बऱ्याच कार्डांमध्ये एफपीएस थोडेसेच कमी होतात, पण उष्णता चांगलीच उतरते आणि अडकणं थांबतं.

विजेचं काय?

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. जीटीएक्स १०५० टीआयची गरजच ७५ वॉट आहे, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५७० ला मात्र पॉवर सप्लायमधून वेगळी ६ किंवा ८ पिनची केबल लागते. ती ढिली असेल तर घट्ट बसवायची.

पॉवर सप्लाय कमी पडला तर गेम स्लो होण्यापेक्षा पीसी धाडकन बंद होणं किंवा रिस्टार्ट होणं जास्त दिसतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय असेल आणि गावात व्होल्टेज वरखाली होत असेल, तर पैसे आधी चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करा. तो नव्या कार्डलाही कामाला येतो.

जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडतं. एनव्हिडियाच्या कार्डवर पर्फकॅप रीझन नावाची एक ओळ त्यात असते. कार्ड पूर्ण वेगाने का चालत नाही, तापमानामुळे की विजेमुळे, हे ती ओळ थेट सांगते.

ड्रायव्हर, नवा म्हणजे चांगलाच असं नाही

एखाद्या अपडेटनंतर गेम स्लो झाला असेल, तर ड्रायव्हर स्वच्छ करून परत टाकायचा. डीडीयू नावाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवलं की जुन्या ड्रायव्हरचे सगळे अवशेष निघतात. मग कंपनीच्या साइटवरून आपल्या कार्डचं नाव निवडून ड्रायव्हर घ्यायचा. नेट स्लो असेल तर तो आधीच डाउनलोड करून ठेवायचा, कारण फाइल मोठी असते.

जुन्या कार्डवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एनव्हिडियाने जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० सिरीजसाठी नव्या गेमनुसार येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. एएमडीनेही आरएक्स ४०० आणि ५०० सिरीज २०२३ मध्येच मुख्य ड्रायव्हरमधून बाजूला काढली. याचा अर्थ कार्ड बंद पडेल असा नाही. जुने गेम आहेत तसेच चालतील. फक्त नवा गेम अडकला, तर "पुढच्या अपडेटमध्ये नीट होईल" अशी आशा आता धरता येणार नाही.

कार्ड निर्दोष असतं, दोषी दुसराच असतो

आपल्याकडे त्या सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. पण खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, हे गणित तो करतो आणि मग कार्डला चित्र काढायला सांगतो. त्यानेच वेळ लावला तर कार्ड वाट बघत बसतं.

ओळखायचं कसं? गेमचं रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी वर आणा. १०८० पी मध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, ७२० पी मध्ये ९ लाख २१ हजार ६००. म्हणजे कार्डचं काम निम्म्याहून कमी झालं. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर दोषी कार्ड नाही. मग नवं कार्ड टाकूनही काही फरक पडणार नाही. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तर प्रोसेसरचंच काम जास्त असतं.

अशा वेळी रॅम बघा. ८ जीबीची एकच स्टिक असेल, तर तशीच दुसरी टाकल्याने दुहेरी फायदा होतो. जागा वाढते आणि दोन्ही स्टिक एकत्र काम करतात. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर नवा भाग लोड होताना झटके बसतात, तिथे एसएसडी कामाला येते. आणि मागे ब्राउझरचे वीस टॅब चालू असतील, तर आधी ते बंद करा.

सेटिंग कुठली कमी करायची?

सगळंच लो वर टाकायची गरज नसते. सावल्या, धुकं आणि प्रतिबिंब, या तीन गोष्टी कार्डला सगळ्यात जास्त दमवतात. आधी त्या खाली आणा. टेक्श्चर मात्र व्हीरॅम शिल्लक असेल तोपर्यंत मध्यम ठेवले तरी चालतात. गेममध्ये एफएसआर हा पर्याय असेल तर चालू करा. एएमडीने हे तंत्र २०२१ मध्ये आणलं आणि ते एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स कार्डवरही चालतं. गेम कमी रिझोल्यूशनवर तयार होतो आणि मोठा करून दाखवला जातो. चित्र थोडं मऊ दिसतं, पण वेग वाढतो.

शेवटचा उपाय म्हणजे एफपीएस ४५ किंवा ५० वर बांधून टाकणं. कधी ७० तर कधी ३० होण्यापेक्षा सलग ४५ डोळ्यांना जास्त बरे वाटतात, आणि कार्डही कमी तापतं.

मग कार्ड खरंच कधी बदलायचं?

काही गेमपुढे जुन्या कार्डचं काही चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम द डार्क एजेस, या दोघांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. जीटीएक्स १००० सिरीजमध्ये ते नाहीच. इथे साफसफाई करा, पेस्ट बदला, उपयोग नाही.

घ्यायचं ठरलंच, तर सेकंड हँड बाजारात डोळे उघडे ठेवा. मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, सुरत असो की ऑनलाइन. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर विक्रीला आली. शिवाय काही ठिकाणी जुन्या कार्डच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून त्याला नव्या कार्डचं नाव दिलं जातं. जीपीयू-झेड अशी बरीच बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखून नावापुढे फेक असं दाखवतं. पैसे देण्याआधी ते चालवून बघा आणि वीस मिनिटं गेम लावून तापमानही बघा.

नवंकोरं स्वस्त कार्ड घेतानाही फसगत होते. जीटी १०३० हे एकाच नावाचं कार्ड दोन प्रकारांत आलं. जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं, डीडीआर४ वालं फक्त १६.८ जीबी. नाव तेच, खोकं जवळपास तेच, वेगात मात्र मोठा फरक. आधीच हातात १०५० टीआय असेल, तर हे घेणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा. आधी केबल, मग आकडे, मग धूळ, मग ड्रायव्हर, मग सेटिंग, मग रॅम आणि पॉवर सप्लाय. कार्डचा नंबर सगळ्यात शेवटी. पहिल्या पाच पायऱ्यांना एक सुट्टीचा दिवस आणि एक ब्रश पुरतो. आणि सगळं करूनही नवं कार्ड घ्यावंच लागलं, तर निदान ते नेमकं कशासाठी घेतोय, हे घरी आकड्यांसकट सांगता येतं.